टीका करायची तर क्लिप दाखवावीच लागते, मग स्ट्राइक आला तर काय?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी.

इंदुरात आता वॉर्डावॉर्डात बातम्यांचं एकेक यूट्यूब चॅनेल आहे. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), महापालिकेचा अर्थसंकल्प, सगळ्याचं चित्रण होतं. एकानं चुकीचं सांगितलं की दुसरा त्याच्याच बातमीचा तुकडा लावून चूक दाखवतो. हे काम व्हायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पण ज्याची चूक दाखवली तो प्रताधिकाराची (कॉपीराइटची) तक्रार करतो, व्हिडिओ खाली येतो आणि चॅनेलवर 'स्ट्राइक', म्हणजे यूट्यूबची ताकीद, पडते. बदनामीचा दावा लावायचा तर कोर्टात जावं लागतं, तिथं पुरावा लागतो. प्रताधिकाराला एक ऑनलाइन अर्ज पुरतो. म्हणून टीका बंद पाडायला हेच हत्यार सोयीचं झालं आहे.

माझी पहिली शंका संविधानाची. कलम १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता आणि सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. प्रताधिकार त्यात नाही. मग तो बोलणं कसा थांबवू शकतो?

दुसरी शंका रोजच्या कामाची. किती सेकंद चालतात? खाली 'साभार' लिहिलं की भागतं का? आणि स्ट्राइक आलाच तर आधी काय करायचं, मग काय?

कलम_५२ (इंदूर)

रामबागकर, यादी बरोबर आहे. तुमच्या शंकेचं उत्तर प्रताधिकार कायद्याच्या रचनेतच आहे. प्रताधिकार कल्पनेवर किंवा माहितीवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे पक्कं केलं. महापालिकेनं कर वाढवला ही माहिती पहिल्यांदा कुणी दिली याला महत्त्व नाही, ती कुणाचीच मालमत्ता नाही. क्रिकेटच्या धावसंख्येवरूनही हा वाद झाला होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सांगितलं, की सामना चालू असतानाचा धावफलक एसएमएसवर कळवायला प्रक्षेपण करणारी कंपनी मनाई करू शकत नाही.

दुसरी मोकळी जागा प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ ची. पोटकलम (१)(ए) मध्ये तीन कामं आहेत: खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन. या कामांसाठी रास्त वापर झाला तर ते उल्लंघनच ठरत नाही. १९९५ मध्ये वायली ईस्टर्न खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की कलम ५२ चा मूळ हेतूच १९(१) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणं हा आहे. म्हणून ५२ हे माझ्या मते मालकानं दिलेली सवलत नव्हे. या खिडक्या उघड्या आहेत म्हणूनच बाकीचा कायदा संविधानाच्या कलम १९ समोर उभा राहू शकतो.

सेकंदांचा आकडा कायद्यात कुठेच नाही. दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, हे सगळं ऐकीव आहे. नाव दिल्यानं चोरी रास्त होत नाही. नाव न दिल्यानं मात्र रास्त वापरही संशयास्पद दिसतो. 'प्रताधिकार भंगाचा हेतू नाही' या ओळीला तर काहीच किंमत नाही.

जिरावन

एका वाक्यात सांगते: पोहे तुमचे पाहिजेत, दुसऱ्याची क्लिप वर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याइतकी. जिरावनाची पुडी ताटात ओतून वर चार पोहे टाकले तर त्याला कुणी पोहे म्हणणार नाही.

कलम_५२ (इंदूर)

जिरावनताई, १९७१ मध्ये इंग्लंडात न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी हबर्ड विरुद्ध व्हॉस्पर खटल्यात जवळजवळ हेच सांगितलं. उतारे लांब आणि भाष्य आखूड असेल तर ते अन्यायाचं ठरू शकतं, उतारे आखूड आणि भाष्य लांब असेल तर रास्त ठरू शकतं. आपल्याकडची न्यायालयं अजूनही तो निकाल वापरतात. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सिविक चंद्रन खटल्यात एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला संरक्षण दिलं. तिथं तीन गोष्टी पाहिल्या: भाष्याच्या मानानं किती आणि काय उचललं, कशासाठी उचललं, आणि नवी कृती जुनीच्या बाजारात तिची स्पर्धक होते का.

झूम_लेन्स

दुसरी बाजूही मांडतो, कारण या धाग्यावर ती अजून आलेली नाही.

गेरीच्या दिवशी सकाळपासून गच्चीवर कॅमेरा लावून बसणाऱ्याचं चित्रण कुणीतरी सबंध उचलतं, वर कोपऱ्यात आपला चेहरा डकवतं, मधूनमधून 'बघा मंडळी' म्हणतं आणि त्याला टीका म्हणतं. त्यात भाष्य शून्य असतं आणि प्रेक्षक मूळ व्हिडिओकडे फिरकतही नाहीत. मुक्त चित्रकाराचं पोट त्या चित्रणाच्या विक्रीवरच चालतं. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीवर फुकट चालणारं चॅनेल नव्हे.

आणि मालकी कुणाची हे आधी बघा. प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वर्तमानपत्राच्या नोकरीत असलेल्यानं काम केलं तर वर्तमानपत्रात प्रसिद्ध करण्यापुरताच पहिला हक्क मालकाचा, बाकीचा करणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. पैसे देऊन फोटो किंवा चित्रण करवून घेतलं तर पहिला मालक पैसे देणारा. स्वतःच्या मनानं काढून नंतर विकलं तर हक्क काढणाऱ्याकडेच राहतो आणि लेखी हस्तांतरणाशिवाय तो हलत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं त्याच कायद्याचं कलम १९ धरून चालतं. त्यामुळे तक्रार करणारं चॅनेल खरंच मालक आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. बऱ्याचदा ते चित्रण त्यानंही कुठून तरी घेतलेलं असतं.

सराफा_रात्री_१२

+१. 'प्रतिक्रिया व्हिडिओ' नावाखाली सबंध भाषणं चिकटवणाऱ्यांमुळे खरी टीका करणारे भरडले जातात.

रामबागकर (इंदूर)

झूम_लेन्स, तुमचं म्हणणं मान्य. मलाही त्यांची बाजू घ्यायची नाही. माझा प्रश्न वीस सेकंदांची क्लिप लावून 'हा आकडा चुकीचा आहे' असं सांगणाऱ्याचा आहे.

कलम_५२ (इंदूर)

मग त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. इथंच बहुतेकांचा पाय घसरतो. टीका कशावर आहे हे ओळखा.

एका चॅनेलनं सांगितलं की अमुक पूल तयार झाला. तुम्ही त्याची क्लिप लावून म्हणता की ही बातमी खोटी आहे. ही त्या कृतीवरची टीका. क्लिप दाखवल्याशिवाय ती होऊच शकत नाही, म्हणून तुमची जागा भक्कम.

तेच चॅनेल पुलाचं उत्तम ड्रोन चित्रण दाखवतं आणि तुम्ही ते उचलून महापालिकेवर टीका करता. इथं टीका पुलावर आहे, चित्रणावर नाही. आता तुम्हाला 'चालू घडामोडींचं वृत्तांकन' या दाराने यावं लागेल आणि तिथं कोर्ट विचारेल: पूल तर जागेवरच आहे, स्वतः जाऊन का नाही काढलात? अपघात, आग, पूर अशी पुन्हा न मिळणारी दृश्यं असतील तर उत्तर सोपं. पूल असेल तर अवघड.

वृत्तवाहिन्यांच्या कामावर क्लिप लावून टीका करणाऱ्या एका संकेतस्थळाविरुद्ध टीव्ही टुडेनं दावा लावला, तेव्हा २९ जुलै २०२२ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी अंतरिम मनाई नाकारली. हा आदेश त्या टप्प्यापुरता आहे, अंतिम निवाडा म्हणून तो दाखवू नका. तरी वाचण्यासारखा आहे.

शिवाय वाहिनीच्या प्रक्षेपणावर प्रताधिकाराखेरीज कलम ३७ चा २५ वर्षांचा वेगळा प्रक्षेपण हक्क असतो. त्याचे अपवाद कलम ३९ मध्ये आहेत. तिथं 'उतारे' असा शब्द आहे, म्हणजे अख्खा कार्यक्रम त्यात बसत नाही.

खाननदी (इंदूर)

यूट्यूबचा क्रम मी सांगतो, कारण क्लेम आणि स्ट्राइक यांत लोक गल्लत करतात आणि चुकीचं बटण दाबतात.

कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप जुळवणी करणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, यंत्र लावतं. त्यानं जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी बंद होतो, पण चॅनेलवर स्ट्राइक येत नाही. हरकत घेतलीत की दावेदाराला ३० दिवस मिळतात. पहिल्या पाच दिवसांत हरकत घेतली तर सुरुवातीपासूनचे पैसे वेगळे राखून ठेवतात. त्यानं हरकत फेटाळली तर अपील करता येतं, अपिलाला त्याच्याकडे सात दिवस. तिथंही तो अडून बसला तर त्याला रीतसर काढून टाकण्याची मागणी करावी लागते, आणि ती मान्य झाली तर तेव्हा स्ट्राइक पडतो. म्हणून अपील करण्याआधी आपली बाजू खरंच पक्की आहे का, हे बघा.

स्ट्राइक म्हणजे कुणीतरी स्वतः कायदेशीर मागणी केली आहे. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद. व्हिडिओ पुसला किंवा खासगी केला तरी स्ट्राइक जात नाही. घाबरून पुसून टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सुटायच्या वाटा तीन: प्रताधिकाराचा त्यांचा छोटा पाठ पूर्ण करून ९० दिवस थांबणं, दावेदाराकडून माघार मिळवणं, किंवा काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे व्हिडिओ चुकीनं काढला असं रीतसर उलट निवेदन.

काउंटर नोटिफिकेशन दिलं की दावेदाराला अमेरिकेतले कामाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता दावेदाराला जातो. आणि भारतात राहणाऱ्यानं तो अर्ज भरताना यूट्यूबचं कार्यालय जिथं आहे तिथल्या कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलेलं असतं. खोटं लिहिलं तर अमेरिकेच्या कायद्यात शिक्षा आहे.

मजकुरात फक्त 'कलम ५२' लिहू नका. तो अर्ज अमेरिकेच्या कायद्यावर चालतो, तिथं कलम १०७ चा 'फेअर यूज' आहे. दोन्ही लिहा आणि प्रत्येक क्लिपचा मिनिट-सेकंद देऊन ती कुठल्या वाक्यावरच्या टीकेसाठी आहे ते सांगा. २०१५ मध्ये लेन्झ खटल्यात तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं म्हटलं आहे, की काढायची मागणी करण्याआधी फेअर यूजचा विचार करणं दावेदारावर बंधनकारक आहे. त्याचाही उल्लेख करा.

जिरावन

बातमीचं बाजूला राहू दे, गेरीच्या व्हिडिओला गाण्यावरून क्लेम येतात त्याचं काय? मागे डीजे वाजतच असतो, तो कसा बंद करणार?

खाननदी (इंदूर)

प्रसंगाचं वृत्तांकन करताना मागे गाणं ऐकू आलं तर कायद्यात बोलायला जागा आहे, यंत्राला मात्र फक्त सूर कळतो. यूट्यूब स्टुडिओत क्लेम झालेला भाग उघडला की तीन पर्याय दिसतात: तेवढा तुकडा कापणं, तेवढंच गाणं पुसणं, गाणं बदलणं. पुसायचा पर्याय बोलणं राखायचा प्रयत्न करतो, पण डीजे दणक्यात असेल तर आवाज खरखरीत होतो. म्हणून चित्रण करतानाच निवेदनाचा माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या. नंतर परिसराचा आवाज खाली ओढता येतो आणि निवेदन शाबूत राहतं. थेट प्रक्षेपणात हे सगळं करायला वेळच नसतो, तिथं गाणं वाजलं की प्रक्षेपण मधेच तुटू शकतं. झांक्यांच्या रात्री यूट्यूबबाहेरच्या एखाद्या मंचावर राखीव दुवा तयार ठेवावा.

सराफा_रात्री_१२

लताबाई इंदुरात जन्मल्या, तर त्यांची जुनी गाणी तरी आपल्याला लावता यावीत! पन्नाशीच्या दशकातली आता मोकळी झाली ना?

कलम_५२ (इंदूर)

अर्धीच. ध्वनिमुद्रण वेगळं, गीत वेगळं, संगीत वेगळं. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ मध्ये निघालेल्या रेकॉर्डची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. गीत आणि संगीत यांची मुदत मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ते दोघं किंवा त्यांतला एक नंतर गेला असेल तर रेकॉर्ड मोकळी आणि गाणं बांधलेलं, अशी स्थिती. यंत्राला तर मुदत कळतच नाही. ते जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीशी सूर जुळवून क्लेम लावतं.

ग्वाल्हेरकर

गाण्याचं निघालंच आहे तर आमच्याकडचंही सांगतो. तानसेन समारोहात कुणी राग गायला तर राग कुणाचा नाही, पण ते गायन गायकाचं. कलम ३८ प्रमाणे गायकाचा हक्क सादरीकरणानंतरच्या १ जानेवारीपासून ५० वर्षं. प्रेक्षकांत बसून अख्खी बडी बंदिश मोबाइलवर टिपून चढवणं हा भंग आहे, मग प्रवेश फुकट असला तरी. समीक्षेत दोन आलापांचे तुकडे घेऊन 'इथं लय सुटली' असं दाखवणं कलम ३९ मध्ये बसतं. गायकाला कलम ३८बी प्रमाणे आणखी एक अधिकार आहे: सादरीकरण असं कापूनछाटून दाखवू नये की ज्यानं त्याच्या लौकिकाला धक्का लागेल. समीक्षकानं तुकडा कापताना तो वाक्याच्या मध्येच तोडू नये, समेवर सोडावा. कायद्याला हे लागतंच असं नाही, पण गाण्याची समीक्षा करायची तर एवढी इमानदारी हवी.

आणखी एक. आपल्या उच्च न्यायालयाच्या सुनावण्या, ग्वाल्हेर आणि इंदूर खंडपीठाच्याही, ऑनलाइन दिसतात म्हणून लोक त्यांचे तुकडे कापून रील करतात. मध्य प्रदेशचे २०२१ चे थेट प्रक्षेपणाचे नियम त्याला मना करतात आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जबलपूरच्या मुख्य पीठानं तुकडे संपादित करून पसरवायला मनाईही केली. निकालपत्राचा मजकूर मात्र कलम ५२(१)(क्यू) प्रमाणे छापायला मोकळा आहे, कोर्टानं त्या निकालापुरती बंदी घातली नसेल तर. न्यायमूर्ती काय म्हणाले हे सांगायचं असेल तर लेखी आदेशातली ओळ दाखवा.

रामबागकर (इंदूर)

हे मला खटकतं. जनतेच्या पैशानं चालणाऱ्या न्यायालयाच्या सुनावणीवर प्रताधिकार का असावा? टीकेसाठी न्यायमूर्तींचं वाक्य दाखवायला बंदी, हा तर १९(१)(ए) चाच प्रश्न झाला.

ग्वाल्हेरकर

खटकायलाच हवं. पण कारण समजून घ्या: सुनावणीत न्यायमूर्ती वकिलाला कोपऱ्यात पकडायला उलटसुलट प्रश्न विचारतात. त्यातला एकच प्रश्न कापला की तो निकाल वाटतो. माझं मत असं, की न कापलेला सलग भाग, वेळेच्या नोंदीसह, वृत्तांकनाला मोकळा असायला हवा. संक्षेप आणि विटंबना एकाच नियमानं बंद करणं मलाही पटत नाही.

बडोदेकर

बडोद्याहून एक विषयांतर, पण जोडलेलं. आमच्याकडे महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, चित्रांवरचा प्रताधिकार कधीच संपला. तरी संग्रहालय कॅमेरा आणायला मना करू शकतं, कारण भिंत त्याची आहे. ती मनाई मालमत्तेच्या आणि प्रवेशाच्या अटीची आहे, प्रताधिकाराची नाही. त्या चित्राचा कुणी जसाच्या तसा सपाट फोटो काढून त्यावर 'सर्व हक्क राखीव' लिहिलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी निकालानंतर तो दावा माझ्या मते लंगडा आहे. थोडी तरी सर्जनशीलता लागते, नुसती मेहनत पुरत नाही.

उलट रस्त्यावरचं बघा. चौकात कायम उभा असलेला पुतळा कलम ५२(१)(टी) प्रमाणे कुणीही फोटोत घ्यावा आणि छापावा. तुमच्या इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या अहिल्यादेवींच्या पुतळ्याचा फोटो वापरायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही.

वैशाली_मालवा

चिन्हांबद्दल कुणी बोललं नाही. एखाद्या कंपनीच्या लोगोची टिंगल केली तर प्रताधिकारासोबत ट्रेडमार्कचीही नोटीस येते. त्यासाठी टाटा विरुद्ध ग्रीनपीस वाचा. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे, हे सांगायला ग्रीनपीसनं एक खेळ केला होता, त्यात टाटांचं चिन्ह होतं. २८ जानेवारी २०११ ला दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई नाकारली. चिन्हाचा वापर माल विकायला नव्हता, लोकांचं लक्ष वेधायला होता, हे त्यात महत्त्वाचं ठरलं. म्हणून टीकेच्या व्हिडिओत लोगो असेल तर त्याच व्हिडिओत टी-शर्ट विकू नका. विक्री आली की बचाव पातळ होतो.

नेत्यांच्या नि नटांच्या नकलांवर 'व्यक्तिमत्त्व हक्क' (आपलं नाव, चेहरा, आवाज यांवरचा हक्क) दाखवतात. त्याचा वेगळा कायदा भारतात नाही, निकालांतून तो हक्क आला आहे. २०१० मध्ये दलेर मेहंदी प्रकरणातच न्यायालयानं बजावलं, की हा हक्क अति ताणला तर व्यंगचित्र, विडंबन, नक्कल यांची गळचेपी होईल. २०२४ च्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ प्रकरणात विकणाऱ्यांवर मनाई आली, पण मुलाखतीचा तुकडा घेऊन केलेला एका यूट्यूबरचा व्हिडिओ न्यायालयानं लगेच काढायला लावला नाही.

माळवा_वकील

उशिरा आलो. रामबागकरांच्या मूळ प्रश्नाचा, म्हणजे भारतीय कायद्यात उलट काय करता येतं, याचा भाग राहिला आहे.

प्रताधिकार नियम २०१३ चा नियम ७५ काढून समोर ठेवा. मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थाकडे (म्हणजे यूट्यूबसारख्याकडे) लेखी तक्रार करणाऱ्यानं पुढच्या गोष्टी दिल्या पाहिजेत: कृतीचं वर्णन, आपण मालक किंवा अनन्य परवानाधारक असल्याचा तपशील, प्रत उल्लंघन करणारी आहे आणि कलम ५२ मध्ये बसत नाही याचा तपशील, ती नेमकी कुठे आहे, आणि २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी. ५२ मध्ये बसत नाही हे तक्रारदारानं सांगायचं आहे! ते न सांगणाऱ्या तक्रारी सर्रास चालतात, कारण समोरचा तो कागद मागतच नाही. तुम्ही मागा.

तक्रार योग्य असेल तर ३६ तासांत प्रवेश थांबवायचा, २१ दिवस. आदेश आला नाही तर प्रवेश पुन्हा देता येतो आणि त्याच तक्रारदाराची त्याच ठिकाणच्या त्याच कृतीवरची पुढची नोटीस मानायला मध्यस्थ बांधील राहत नाही. मेख एका शब्दात आहे: प्रवेश पुन्हा 'देता येतो', 'द्यावाच' असं नाही. म्हणून बाविसाव्या दिवशी लेखी मागणी तुम्हीच करायची. निवडणुकीच्या किंवा अर्थसंकल्पाच्या बातमीला २१ दिवस म्हणजे मरणच, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात अन्यायाचं कलम वाटतं. कलम ५२ जिंकूनही बातमी शिळी होते.

धमकीची नोटीस आली आणि दावा काही येत नाही, तर कलम ६०. निराधार धमकीविरुद्ध तुम्हीच दावा लावून तीन गोष्टी मागू शकता: उल्लंघन नाही अशी घोषणा, धमक्या थांबवण्याची मनाई, नुकसानभरपाई. समोरच्यानं तत्परतेनं उल्लंघनाचा दावा लावून चालवला तर ६० गळून पडतं. पण निदान लढाई वेबफॉर्मवरून न्यायाधीशासमोर येते. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा वर गेलं तर वाणिज्यिक न्यायालय, आणि तिथं वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी (तडजोडीचा प्रयत्न) सक्तीची आहे. तातडीचा अंतरिम दिलासा मागत असाल तरच ती टळते. बातमीचा व्हिडिओ अडवला आहे, हे तातडीचं कारण अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा.

झूम_लेन्स

आणि पोलीस? 'कॉपीराइटमध्ये आत टाकू' असे फोन येतात असं ऐकू येतं.

माळवा_वकील

कलम ६३ ला जाणूनबुजून केलेलं उल्लंघन लागतं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. २० मे २०२२ ला निट प्रो निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, त्यामुळे धमकी पोकळ नाही. पण तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम १७३(३) आहे: उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी. इंदुरात पोलीस कमिशनरेट आहे, म्हणजे इथं सहायक पोलीस आयुक्त (एसीपी). २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार असेल तेव्हा ही वाट वापरणं योग्य. पोलीस ठाण्यात जाताना संहिता पाठ असण्यापेक्षा तुमच्या क्लिपांची नोंदवही सोबत असणं जास्त उपयोगी. आपण ५२ मध्ये आहोत असं प्रामाणिकपणे मानत होतो, हे ती दाखवते.

जिरावन

ही नोंदवही कशी ठेवायची?

खाननदी (इंदूर)

एक साधी शीट पुरते. रकाने असे: क्लिप कुठली, मूळ प्रसारणाची तारीख, मूळात कुठून कुठपर्यंत, आपल्या व्हिडिओत कुठून कुठपर्यंत, त्यातलं नेमकं वाक्य, आणि त्या वाक्यावर आपण काय म्हणतो. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती क्लिप काढून टाका. नोंद व्हिडिओ चढवण्याआधी करा. नोटिशीनंतर केलेली नोंद ही नोंद नव्हे. मूळ पानाचं तारखेसह चित्र घेऊन ठेवा, कारण चूक उघड झाली की मूळ बातमी हळूच बदलली जाते आणि मग तुमचीच टीका खोटी दिसते.

पडद्यावर क्लिप चालू असताना स्रोत आणि तारीख ठळक दाखवा, पूर्ण पडद्याऐवजी चौकटीत लावा, वाक्य संपताच थांबवून बोला. मूळ बातमीच्या मागचं संगीत बंद करा. टीका शब्दांवर आहे, आणि क्लेम बहुधा त्या संगीतावरच येतो.

रामबागकर (इंदूर)

मंडळी, फार उपयोग झाला. झूम_लेन्स यांच्यामुळे एक गोष्ट बदलली: दुसऱ्याचं ड्रोन चित्रण उचलून महापालिकेवर बोलण्याचं समर्थन मी आता करणार नाही. १९(२) ची शंका मात्र पूर्ण गेली नाही. खिडक्या उघड्या आहेत म्हणून घर कायदेशीर, हे पटलं. पण खिडकी २१ दिवस बाहेरून कडी लावून ठेवता येत असेल तर ती उघडी कशी म्हणायची? यावर वेगळा धागा काढतो.

माळवा_वकील, एकच विचारायचं राहिलं. ते २१ दिवस व्हिडिओ उतरला त्या दिवसापासून मोजायचे ना?

माळवा_वकील

नाही. मध्यस्थाला तक्रार मिळाली त्या तारखेपासून. ती तारीख तुम्हाला आपोआप कळत नाही, म्हणून तक्रारीची प्रत आणि मिळाल्याची तारीख पहिल्याच ईमेलात मागून घ्या.